डिसेंबरात सिंधुदुर्ग: जत्रा, दशावतार आणि समुद्र एकाच सहलीत कसे बसवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून गाडीने २० ते २७ डिसेंबर २०२६ असे आठ दिवस, बरोबर सत्तरीच्या घरातले आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी. सगळ्या रात्री मालवणात मुक्काम, सकाळी किल्ला आणि स्कूबा, रात्री रोज एखादी जत्रा आणि दशावतार, म्हणजे देवळातलं रात्रभराचं लोकनाट्य. शिवाय आंगणेवाडीही करायची आहे. आणि जत्रांचं वेळापत्रक इंटरनेटवर कुठेच धड सापडत नाही.

तुम्हाला ठिकाणांची यादी कमी पडलेली नाही. गोची आहे ती झोपेची. तळकोकणातली जत्रा ही रात्रीची गोष्ट आहे आणि समुद्र सकाळचा. दोन्ही रोज करायला गेलात तर तिसऱ्या दिवशी कुणाचंच कशात लक्ष राहणार नाही. म्हणून आधी रात्री ठरवा, मग दिवस त्यांच्याभोवती लावा.

आधी तारखांचं. इथल्या जत्रा तिथीवर चालतात. त्रिपुरारी पौर्णिमेपासून हंगाम सुरू होतो, मार्गशीर्षात सगळ्यात दाट असतो आणि पुढे महाशिवरात्रीच्या कुणकेश्वरापर्यंत तुरळक चालू राहतो. तिथी इंग्रजी तारखेच्या मानाने दर वर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. २०२५ मध्ये त्रिपुरारी ५ नोव्हेंबरला होती; २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती २४ नोव्हेंबरला आहे. त्यामुळे गेल्या वर्षी नाताळात जाऊन आलेल्या मित्राचा अनुभव तुमच्या कामाचा नाही. २०२५ चा नाताळ पौषात पडला होता, तुमचा आठवडा मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला सुरू होतो आणि २३ तारखेला दत्तजयंती येते. म्हणजे आठवडा चांगला निवडलाय.

यात काय हुकणार तेही सांगतो. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणांची जत्रा त्रिपुरारीच्या दुसऱ्या दिवशी असते, ती तुमच्या आधी महिनाभर होऊन गेलेली असेल. मातोंड-पेंडूरच्या घोडेमुखाची कोंब्यांची (कोंबड्यांची) जत्राही देवदिवाळीच्या सुमारास उरकते. आंगणेवाडीचं म्हणाल तर भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथीच नाही. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि ती बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये पडते. डिसेंबरात तिथे शांतपणे देवळात जाऊन दर्शन घेता येईल, ओटी भरता येईल, पण जत्रा नसेल. खरं सांगायचं तर आई-वडिलांना घेऊन आंगणेवाडीला असं आडदिवशी जाणंच बरं. जत्रेच्या दिवशी लाखोंची रांग असते आणि रात्री प्रसादाच्या ताटांच्या विधीसाठी दर्शन काही तास थांबवतात.

वेळापत्रक सापडत नाही, कारण ते एका जागी नसतंच. प्रत्येक गावाची तिथी गावाला माहीत असते, बाहेरच्याला सांगायची कुणाला गरज वाटत नाही. उलट्या बाजूने शोधा. दशावतार कंपन्यांचे रोजचे प्रयोग ठरलेले असतात. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, आरोलकर, खानोलकर, चेंदवणकर ही जुनी, पारंपरिक नावं. अमुक देवळाच्या जत्रेला अमुक कंपनीचं नाटक, हे कित्येक गावांत वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. आज कुठली कंपनी कुठे, हे सिंधुदुर्गातल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फेसबुकवर फिरत असतं, स्थानिक वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्तीतही येतं. मुक्कामाच्या घरमालकाला बुकिंग करतानाच विचारा, पण ‘जत्रा कधी आहे?’ असं मोघम नको. ‘२२ ते २६ मध्ये वेंगुर्ला-कुडाळ भागात कुठल्या गावात नाटक आहे?’ असं विचारा. आणि ज्या दिवशी जायचं त्या दिवशी दुपारी परत एकदा खात्री करा. मानकऱ्यांच्या घरात सुतक आलं तर जत्रा पुढे जाते किंवा साधेपणाने उरकते, आणि ते आदल्या दिवशी कळतं.

मुक्काम सातही रात्री मालवणात नको. माझी पसंती पहिल्या दोन रात्री मालवण-तारकर्ली आणि पुढच्या पाच वेंगुर्ला, अशी. मार्गशीर्षातल्या जत्रा कुडाळ, वेंगुर्ला आणि सावंतवाडी तालुक्यांत जवळजवळ आहेत; वेंगुर्ल्यात राहिलात तर बहुतेक ठिकाणं तासाभराच्या आत येतात. मालवणहून तेच अंतर दीडपट होतं, आणि पहाटे सहाला जागरण झालेल्या माणसाने गाडी चालवताना पंधरा किलोमीटर जास्त आहेत की कमी, याला फार महत्त्व आहे. शिवाय २५ डिसेंबर शुक्रवारी आहे. त्या शुक्रवार ते रविवारात तारकर्लीच्या अरुंद रस्त्यावर गाडी वळवायला जागा मिळत नाही. सोमवार-मंगळवारी, २१ आणि २२ ला, तोच किनारा मोकळा मिळेल.

समुद्राचा हिशेब भरती-ओहोटीवर करा. किनाऱ्यावर एक सोपा ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला भरती सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या आसपास, ओहोटी त्याच्या सहाएक तास आधी-नंतर. वद्य पक्षात परत १ पासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतं. २१ डिसेंबरला द्वादशी, म्हणजे भरती सकाळी नऊला आणि ओहोटी दुपारी तीनच्या पुढे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली वाळूची बेटं ओहोटीलाच उघडी पडतात, तेव्हा ती त्या दिवशी दुपारी. पौर्णिमेच्या दिवशी भर दुपारी बाराला गेलात तर होडीवाला नेईल, पण पाय ठेवायला वाळू नसेल, कमरेएवढं पाणी असेल.

स्कूबा आणि किल्ला मात्र सकाळी. डिसेंबरात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, पाणी सपाट राहतं. अकरानंतर खारा वारा उलटा फिरतो, लाट उठते आणि पाणी ढवळतं. सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या जेटीपासून अगदी जवळ आहे, होडीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पण होडीत चढताना-उतरताना ती हलते आणि गुडघेदुखीच्या माणसाला तेवढीच एक पायरी जड जाते. आई-वडिलांना मधल्या फळीवर बसवा, टोकाला नको. आत तट तीनेक किलोमीटरचा आहे, तो सगळा त्यांनी फिरायची गरज नाही. शिवराजेश्वराचं देऊळ आणि महाराजांच्या हाता-पायाचे ठसे एवढं पाहून सावलीत बसले तरी चालेल. आणि एक कडक नियम: जागरणाच्या दुसऱ्या दिवशी स्कूबा करायचं नाही. झोप नसली की होडी लागते, आणि पैसे देऊन उलट्या काढाव्या लागतात. मी सांगतोय त्या बेतात समुद्र आधी आणि जत्रा नंतर ठेवलीय ती यासाठीच.

आता मुख्य गोष्ट, रात्र. लोक जत्रेला आठला पोचतात, देवळात जाऊन येतात, दुकानं फिरतात, दहाला कंटाळतात आणि ‘नाटक काही सुरू झालं नाही’ म्हणत अकराला परत निघतात. नाटक अकराला सुरू होत नसतंच. दिवसभर ओट्या आणि नवस चालतात. संध्याकाळी माहेरवाशिणी आणि मुंबईकर चाकरमानी येतात, गर्दी चढते. मग देवाची पालखी निघते. पुढे ढोल, निशाण, अब्दागीर, मागे तरंग (देवाच्या सजवलेल्या काठ्या); देवळाभोवती फेऱ्या होतात, फटाके वाजतात. पालखी आत गेली, गाऱ्हाणं (गावाच्या वतीने देवाला साकडं) झालं की मगच दशावताराचा पडदा. गावागणिक फरक असतो, पण रात्री बारा ते एक हा अंदाज धरा.

सुरुवातीला आडदशावतार होतो, त्याला पूर्वरंग म्हणतात. मुखवटा घातलेला गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, मोरावर बसलेली सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. मग काळ्या कपड्यातला संकासुर. हा वेद पळवणारा राक्षस, पण बोलतो अस्सल मालवणीत आणि भटजीची, गावाची, समोर बसलेल्यांची यथेच्छ टर उडवतो. मुलीसाठी हा भाग सोन्यासारखा आहे. तिला भाषा अर्धी कळली तरी हसू पुरं येईल. विष्णू येऊन संकासुराला मारतो आणि पूर्वरंग संपतो. नव्या, ट्रिकसीनवाल्या प्रयोगांत हा भाग बराच छाटलेला असतो, म्हणून पहिला अनुभव देवळातल्या पारंपरिक नाटकाचाच घ्या. हॉलमधले संध्याकाळचे तिकीट लावलेले प्रयोग वाईट नसतात, दिवे-धूर-देखावे झकास असतात. पण तो वेगळा प्रकार झाला.

त्यानंतर उत्तररंग, म्हणजे पुराणातलं आख्यान. हे पहाटेपर्यंत चालतं. इथे एक गोष्ट माहीत असली तर बघण्याची मजा बदलते: या नाटकाला लिखित संहिता नसते. कुठलं आख्यान, कोण कुठल्या भूमिकेत, प्रवेश कुठल्या क्रमाने, एवढं आत रंगपटात, म्हणजे नटांच्या तयारीच्या जागेत, ठरतं. बाकीचं बोलणं रंगमंचावर आयत्या वेळचं. मागे नेपथ्य म्हणजे एक पडदा आणि एक लाकडी बाक. तोच बाक सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. राजा येतो तेव्हा मृदंगावर पाय टाकत बाकाभोवती फिरतो, मग एक पाय बाकावर ठेवतो आणि स्वतःची ओळख स्वतःच करून देतो. हा थाट नीट बघा. नट कसलेला आहे की नवखा ते त्या पहिल्या दोन मिनिटांत कळतं. राजे-ऋषी संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात, ते तुम्हाला सहज समजेल. स्त्री-भूमिका पुरुषच करतात, आणि साडीतला नट कधी कधी इतका बेमालूम असतो की मुलगी तुम्हाला पैज लावायला सांगेल. सगळा डोलारा पेटी, मृदंग आणि झांजेवर उभा असतो. हे वादक रंगमंचाच्या एका कडेला बसतात. तुम्ही त्यांच्या जवळच्या बाजूला बसा, पण ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यापासून दूर. कर्ण्यासमोर बसणाऱ्याचं डोकं दोन वाजता उठतं आणि तो नाटकाला नावं ठेवत घरी जातो.

पहाटे शेवटी दहीकाला. दह्याची हंडी फोडतात, काल्याचा प्रसाद वाटतात. या साऱ्या प्रकाराला इथे ‘धयकालो’ म्हणतात तो यावरूनच.

पूर्ण रात्र सगळ्यांनी बसायची नाही. तुमच्या कुटुंबासाठी तीन वेगवेगळ्या रात्री सांगतो. पहिली, पालखीची: चौघा-पाचांनी मिळून नऊला जायचं, ओटी भरायची, पालखीच्या फेऱ्या बघायच्या, बाराला परत. आई-वडिलांना हीच सगळ्यात भावेल. दुसरी, संकासुराची: मुलीला दुपारी सक्तीने तीन तास झोपवा, अकराला निघा, पूर्वरंग संपला की दोनला घरी. तिसरी उलटी. रात्री नऊला झोपा, साडेतीनचा गजर लावा आणि पहाटे चारला पोचा. तोवर गर्दी पांगलेली असते, पुढे बसायला जागा मिळते, आणि आख्यानातला शेवटचा वादसंवाद, तलवारयुद्ध व काला पदरात पडतो. संपूर्ण रात्र जागायची हौस ज्याला असेल त्याने एकट्याने चौथी रात्र जागावी, पण गाडी दुसऱ्याने चालवावी. या तीन रात्रींच्या मध्ये प्रत्येकी एक रात्र मोकळी हवी, त्यामुळे २२, २४ आणि २६ असा क्रम बसतो. शेवटची पहाट २७ ची येते आणि त्याच दिवशी पुण्याला परतायचं, म्हणून २६ च्या रात्री फक्त पालखी ठेवा आणि पहाटेची फेरी २४ च्या रात्री करा. मग संकासुर २२ ला, वेंगुर्ल्याच्या पहिल्याच रात्री. त्या दिवशी सकाळी मालवणात किल्ला, दुपारी मुक्काम हलवायचा. मुलीची झोप तेवढी त्यात बसवा, गाडीत झाली तरी चालेल.

बरोबर काय न्यायचं? चटई किंवा जाड सतरंजी, कारण खुर्च्या मोजक्या असतात आणि जमीन गार असते. शाली आणि कानटोप्या. दिवसा बत्तीस अंश असलं तरी पहाटे शेतावर दंव पडतं. विजेरी, पाणी, आणि दहा-वीसच्या नोटा. आरतीचं ताट प्रेक्षकांत फिरतं, त्यात टाकायला सुटे लागतात, आणि हजार माणसं एका जागी आली की मोबाइलची रेंज आणि त्याबरोबर यूपीआय दोन्ही बसतं. जेवण उरकूनच जा, जत्रेत चहा-भजी आणि खाऊ मिळतो, जेवण नाही. प्रसाधनगृहाची सोय बऱ्याच देवळांत नसते, आईंसाठी हा मुद्दा गंभीर आहे. मुक्काम वीस मिनिटांच्या अंतरावर असलेली जत्राच त्यांच्यासाठी निवडा.

गाडी कापणी झालेल्या मळ्यात लावायला सांगतात. लावतानाच तोंड बाहेरच्या बाजूला करा आणि बांधाच्या कडेला लावा. मध्ये लावलीत तर चारी बाजूंनी गाड्या येतात आणि मालक नाटक बघत बसलेले असतात, त्यांना पहाटेपर्यंत कोण शोधणार?

फोटो काढा, पण फ्लॅश बंद ठेवून. गाभाऱ्यात आणि अंगात वारं आलेल्या माणसाचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. रंगपटात डोकवायला बहुतेक जण हसून देतात, तिथे नट स्वतःची रंगभूषा स्वतः करत असतो. चपला मात्र बाहेर. गणपतीचा मुखवटा ज्या पेटाऱ्यातून येतो त्या पेटाऱ्याची पूजा होते, त्यावर बॅग टेकवणं म्हणजे देव्हाऱ्यावर टेकवण्यासारखं आहे.

दिवसा वेंगुर्ल्याहून फार धावाधाव नको. २३ ला दत्तजयंतीला कुडाळजवळच्या माणगावला जाता येईल. वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, तिथले. गर्दी असते, सकाळी लवकर जा. एक दिवस शिरोड्याच्या बाजूला: १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं गाव, अजून मिठागरं आहेत. वाटेवर आरवलीचा वेतोबा. त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. मुलीला त्या चपला जरूर दाखवा. सावंतवाडीत चितारआळीतली लाकडी खेळणी आणि राजवाड्यातली गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते), अर्धा दिवस. बस. जेवणाबद्दल एक सूचना: २४ तारीख मार्गशीर्षातला गुरुवार आहे, बऱ्याच घरगुती खानावळी त्या दिवशी मासे करत नाहीत. आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

येताना कोल्हापूर-आजरा-आंबोली मार्गे सावंतवाडीपर्यंत पावणेचारशे ते चारशे किलोमीटर पडतील. आंबोली घाट उजेडी उतरा आणि उजेडीच चढा. हिवाळ्यातही रात्री धुकं असतं आणि मुलीला वळणं लागतील. आई-वडिलांना रेल्वेने कुडाळला आणायचा विचार असेल तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि नाताळच्या गाड्या पहिल्या सकाळीच भरतात.

घरी न्यायला खाजं घ्या. बेसनाच्या तळलेल्या कांड्या आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवलेल्या असतात. दुकानदार चवीला एक देतोच. ती दाताखाली कडकन तुटली पाहिजे; चिवट लागली किंवा गूळ बोटाला चिकटला तर ते पाक कच्चा राहिलेलं किंवा दंवात उघडं पडलेलं खाजं आहे, पुढच्या दुकानात बघा. आणि ते रात्री जाताना घ्या, पहाटे निघताना नको. पहाटेपर्यंत चांगलं संपलेलं असतं.